धारवाड नको, गोवा लाव

"भारी तापट होत्या हो रुक्माक्का!"

आत्याच्या तेराव्याला, आमच्या घरात, आमच्या पानावर बसून, लाडू तोंडात असताना रेडिओवाल्या जयतीर्थाचा मुलगा हे बोलला. पंगतीतल्या दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मी आमटी वाढत होते. वाटलं, भांडं त्याच्या पानावर उपडं करावं. केलं नाही, कारण जेवण आत्याच्या नावाचं होतं. पण तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि आता मी सांगणारच आहे. तापट होती म्हणे. होती! पण कशामुळे तापली, कुणामुळे तापली, हे त्याच्या बापाने त्याला कधी सांगितलेलं दिसत नाही.

रुक्मिणी ही माझ्या वडलांची थोरली बहीण. वडलांना, म्हणजे दत्तात्रयांना, घरीदारी सगळे अण्णा म्हणायचे आणि आत्याला अख्खी हुबळी रुक्माक्का म्हणायची. आमचे पणजोबा मिरजेकडून इकडे आले, दुर्गदबैल बाजारात सुतळी-दोरखंडाचं दुकान टाकलं, आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. आत्याला नवरा फार लाभला नाही. नारायणला कडेवर घेऊन ती माहेरी आली. अशा बाईने चुलीपाशी बसावं अशी आमच्या आजीची इच्छा होती. आत्या दुकानात जाऊन बसली. दोर आला की पीळ उलगडून आत बघायची, नाकाशी धरून कुबट वास येतो का ते बघायची, आणि माल वाईट निघाला की तिचा आवाज पार गाडीवानांच्या थांब्यापर्यंत जायचा. "वरून बरा, आत कुजका! याला बांधून माणूस विहिरीत उतरणार आहे, कळतं का तुला?" असं ती व्यापाऱ्याला तोंडावर विचारायची. अण्णा गरीब स्वभावाचे. ते मागच्या खोलीत जाऊन उभे राहायचे.

आता रेडिओचं ऐका. छप्पन साली आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, त्या वर्षी अण्णांनी घरात पहिला रेडिओ आणला. मोठा, लाकडी पेटीचा. कोप्पीकर रोडवर जयतीर्थाच्या दुकानातून. तिथे रेडिओ पारखायची एकच रीत होती. जयतीर्थ काटा फिरवून धारवाडवर आणायचा, बटण पिळायचा, आणि धारवाड खणखणीत लागलं की गिऱ्हाईक खूश. मग त्याला हळदकुंकू, हार, नारळ, पेढे, आणि टांग्यातून मिरवत घरी. सगळी हुबळी असाच रेडिओ घेत होती. आम्हीही तसाच घेतला. अहो, धारवाडचं केंद्र इथून हाकेच्या अंतरावर! तिथला आवाज कुठल्याही डब्यात येणारच की. पण हे तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही. कशाला येईल? ऐकायचं धारवाड, लावून बघायचं धारवाड.

पुढे ट्रान्झिस्टर आले, लोक सायकलला अडकवून हिंडायला लागले, त्या सुमारास आमच्या नारायणाला समुद्राचं वेड लागलं. तो दोरांचे भारे घेऊन कारवारला जायचा. तिथले मच्छीमार आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यात तुकाराम म्हणून एक होता, मोठा हसरा माणूस. इंजिनाची लाँच त्याने नुकतीच घेतली होती. नारायण एकदा गंमत म्हणून तिच्यावर बसून गेला आणि परत आला तो वेगळाच होऊन. दुसऱ्या एका लाँचमध्ये त्याने भागी घेतली आणि मग घरी सांगितलं. आधी नाही, मग!

आत्याने पितळी डबा आपटला, त्याची खोक अजून आमच्या फरशीवर आहे. "दोर विकणाऱ्याच्या पोरानं दोर विकावा! तो धरून पाण्यात कशाला उतरायचं? हुबळीत पाणी प्यायला मिळत नाही आणि ह्याला समुद्र पाहिजे!"

पण नारायण तिचाच मुलगा. तोही हटेना. शेवटी तुकाराम स्वतः हुबळीला आला, बायकोला, सीतेला, घेऊन आला. सीता सुपारी कातरत आत्याशेजारी बसली आणि म्हणाली, "अक्का, आमचीही माणसं जातातच की. संध्याकाळी गोव्याच्या केंद्रावर मच्छीमारांसाठी हवामान सांगतात. वादळ येणार असलं तर आधी कळतं. रेडिओ असलेल्या नावा वेळेत परततात." आत्या म्हणाली, "म्हणजे जायचं असेल तर रेडिओ घेऊन जायचं. आणि तो मी निवडणार."

एवढाच प्रश्न होता. भर समुद्रात, संध्याकाळी, गोव्याचं केंद्र लागलं तर माझा आत्येभाऊ घरी येणार होता. नाही लागलं तर नाही.

आणि आम्ही शहाण्या माणसांनी काय केलं? सगळे नटूनथटून कोप्पीकर रोडला गेलो. जयतीर्थाने खुर्च्या टाकल्या, सरबत मागवलं. कपाटात लाल रंगाचे, सोनेरी जाळीचे ट्रान्झिस्टर ओळीने मांडले होते. नवेच आले होते. त्याने एक उचलला, काटा धारवाडवर आणला, आणि अस्सा आवाज आला की रस्त्यावरचे दोघे आत डोकावले. "अक्का, समुद्राच्या लाटांवरूनसुद्धा ऐकू येईल!" जयतीर्थ म्हणाला. आत्याने, दोराचा पीळ उलगडून बघणाऱ्या माझ्या आत्याने, मान हलवली आणि कुंकू लावलं. तिलाही तो आवाज आवडला होता. बाजूला एक राखी रंगाचा ओबडधोबड रेडिओ होता, मागे भोक असलेला. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

नारायण लाल रेडिओ घेऊन गेला. पावसाळ्याच्या तोंडावर परत आला तो गळ्यात हात बांधून. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. सोसाट्याच्या वाऱ्यात लाँच सापडली, डोलकाठी मोडून अंगावर आली, आणि तुकारामने आपल्या लाँचला बांधून ओढत आणलं म्हणून वाचले. वाऱ्याची सूचना आदल्या संध्याकाळी दिली होती. यांनी ऐकलीच नव्हती.

"का नाही ऐकलीस?" आत्याने विचारलं.

"ऐकू आली तर ऐकीन ना," नारायण म्हणाला. "खरखर नुसती. मधेच गोवा लागतं, दोन शब्द येतात, लाँच वळली की आवाज गप. परत वळली की येतो. आता हवामान ऐकायला एका जागी नाव उभी करू काय? लाटा ऐकतात होय?"

दुसऱ्याच दिवशी आत्याने रेडिओ पदराखाली घेतला आणि मला म्हणाली, "सुलभा, चल." आम्ही जयतीर्थाच्या दुकानात. त्याने रेडिओ हातात घेतला, फुंकर मारून मीठ उडवलं, काटा धारवाडवर नेला. खणखणीत!

"बघा की अक्का," तो हसला. "रेडिओ ठणठणीत आहे. तुमच्या मुलाला लावता येत नसेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मग आत्याची कुठपर्यंत गेली असेल! "धारवाड काय लावतोस? धारवाड तर माझ्या पिठाच्या डब्यातूनसुद्धा लागेल! गोवा लाव!"

"गोवा तिकडे लागेल हो, इथे कशाला?"

"आणि वळल्यावर आवाज जातो त्याचं काय?"

त्यावर जयतीर्थ दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. "रेडिओला काय दिशा कळतात, अक्का? वास्तुशांत करून घ्या त्याची!"

गिऱ्हाइकंही हसली. आत्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागली, इथला रेडिओ वळला की मुका होतो. लग्नसराईचे दिवस. लोक थांबायचे, ऐकायचे, आणि पुढच्या दुकानात जायचे. दुपारी अण्णा धावत आले. जयतीर्थाचे वडील आणि आमचे आजोबा एकमेकांकडे उठबस असलेले, त्यामुळे अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अक्का, ऊठ. बाजारात तमाशा नको," ते हात जोडून म्हणाले. जयतीर्थही घामाघूम झाला होता. "बिड्री अक्का, बिड्री! सोडा आता! काय पाहिजे ते तरी सांगा!"

"नाव पाहिजे," आत्या म्हणाली. "वळणारी. तिच्यात बसून तू मला हा रेडिओ लावून दाखव. एकच नग बिघडलाय म्हणशील, म्हणून तसले आहेत तेवढे सगळे घे. आणि तो राखी पण घे."

"तो? तो कुणी घेत नाही."

"त्याच्या मागे भोक कशाला आहे?"

"बाहेरून तार जोडायला. आता कोण तार बांधत बसतंय?"

"मी," आत्या म्हणाली. "माझ्या सात पिढ्या बांधत आल्यात."

तर हुबळीत समुद्र नाही, पण उणकलचं तळं आहे. तिथे एक मासे धरणारा म्हातारा हरिगोल चालवायचा. हरिगोल म्हणजे वेताची गोल टोपली, वरून कातडं चढवलेली. वल्हं मारलं की पुढे जाते त्याहून जास्त गरगर फिरते. पाऊस उघडलेला बघून, ऊन कलल्यावर आम्ही त्यात बसलो. आत्या, मी, धोतर गुडघ्यावर खोचून भेदरलेला जयतीर्थ, आणि आमच्या दोघींच्या मांडीवर ते लाल रेडिओ. अण्णा काठावर देवाचं नाव घेत उभे राहिले. सोबत तो राखी रेडिओ, तार आणि दुकानातला एक बांबू होता.

"लाव गोवा," आत्या म्हणाली.

बराच वेळ काटा इकडेतिकडे झाल्यावर लागलं. बारीक, पण लागलं. बाई काहीतरी सांगत होती. "आता फिरव," आत्याने म्हाताऱ्याला हुकूम सोडला. त्याने वल्हं मारलं, टोपली वळायला लागली, आणि रेडिओतली बाई हळूहळू बुडत गेली. पार गप्प झाली. टोपली आणखी वळली तशी परत आली. दुसरा लाल रेडिओ लावला. तेच. तिसरा. तेच. जयतीर्थाचा चेहरा पांढरा पडला होता, चक्कर येऊन की लाज वाटून ते मला माहीत नाही. लाज म्हणावी तर पुढे त्याने जे केलं त्यात ती कुठे दिसत नाही.

मग आत्याने राखी रेडिओच्या भोकात तार खोचली, तार बांबूला सुतळीने गुंडाळत वर नेली, आणि बांबू मला उभा धरायला लावला. आवाज मोठा नव्हता, जरा घोगराच होता. पण म्हाताऱ्याने टोपली गरागरा फिरवली तरी ती बाई आपली बोलतच राहिली. एक शब्द पडला नाही. जयतीर्थ म्हणाला, "साकु, साकु, थांबवा आता," आणि तळ्यात ओकला.

"असं का होतं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? होतं एवढं बघितलं, बस झालं," आत्या म्हणाली. "हाच न्यायचा."

काठाला लागल्यावर तिने आधी रेडिओ उतरवले. एकेक लाल रेडिओ पदराने पुसून अण्णांच्या हातात दिला. चिखल लागू दिला नाही, पाण्याचा थेंब लागू दिला नाही. दुसऱ्याचा माल होता ना!

आमच्या दुर्गदबैलाची एक रीत आहे. दोन व्यापाऱ्यांचं भांडण मिटलं की वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांना विडा द्यायचा. विडा खाल्ला की ते भांडण पुन्हा काढायचं नाही, चारचौघांत तर नाहीच. जो काढेल त्याचा शब्द बाजारात चालत नाही. जयतीर्थ लाल रेडिओ परत घेऊन राखी द्यायला तयार झाला, पण विडा मागितला. "रुक्माक्कांनी माझ्या रेडिओबद्दल आता बाजारात तोंड उघडायचं नाही." अण्णांनी आत्याच्या पाया पडल्यासारखं केलं. "आपलं काम झालं ना अक्का? नारायणाला पाहिजे तो मिळाला ना? मग दुसऱ्याच्या धंद्यात कशाला?"

आत्याने विडा खाल्ला. आमच्या ओसरीवरच. मी ताट धरून उभी होते.

नारायणाने राखी रेडिओ लाँचवर नेला, तार डोलकाठीवर चढवली. निघताना आत्याने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "परत फिरा म्हणाले की परत फिरायचं. कुणासाठी थांबायचं नाही. माझी शपथ आहे." नारायण म्हणाला, बरं.

गणपती झाले आणि तुकाराम दोर घ्यायला हुबळीला आला. आमच्या दुकानात शिरला तो गळ्यात पट्टा अडकवून, आणि पट्ट्याला लाल, सोनेरी जाळीचा रेडिओ! झेंडूचा हार तसाच होता त्याच्यावर. "अक्का, बघा! नारायणाचा घेतला त्याच दुकानातून घेतला. काय आवाज आहे!" आणि त्याने धारवाड लावून दाखवलं.

आत्याच्या हातातला दोर तसाच राहिला. तिने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान हलवली, नाही म्हणून. दुकानात तेव्हा गिऱ्हाइकं होती, शेजारचा दुकानदार बसला होता, विड्याच्या वेळी जे हजर होते त्यातलेही होते. "गोवा लावून बघितलंस का?" एवढंच आत्या म्हणाली.

"ते तिकडे लागेल की अक्का! आम्हाला गोवा जवळच!" तुकाराम हसत म्हणाला. आत्याने त्याला दोर मोजून दिला. तो दोर मात्र तिने दोनदा पीळ उलगडून बघितला.

जयतीर्थाने तो त्याला विकला होता. टोपलीत बसून, स्वतःच्या कानांनी ऐकून, ओकून आल्यानंतर विकला होता! समुद्रावर न्यायचा आहे हे तुकारामने सांगितलं होतं, नारायणाचं नाव सांगितलं होतं. तरी याने काटा धारवाडवर नेला. का? लाल रेडिओ पडून राहिले असते, म्हणून. बाकी काहीही नाही.

दिवाळीनंतर समुद्र फिरला. संध्याकाळी नारायणाच्या राखी रेडिओवर घोगऱ्या आवाजात सूचना आली, मच्छीमारांनी ताबडतोब किनारा गाठावा. नारायणाने लाँच फिरवली. तुकारामची लाँच पुढे, लांबवर दिसत होती. जाऊन सांगावं का, असं भागीदार म्हणाला. नारायणाला आईची शपथ आठवली, आणि शपथेपेक्षाही साधी गोष्ट डोक्यात आली. तुकारामकडे रेडिओ आहे की! माझ्यापेक्षा नवा आहे, त्याच दुकानातला आहे. त्यानेही ऐकलं असेल, तोही आता फिरेल. तुकारामचा लाल आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नारायण सुखरूप किनाऱ्याला लागला. तुकाराम आणि त्याच्या लाँचवरची माणसं परत आली नाहीत. फळ्या तेवढ्या लागल्या अंकोल्याच्या बाजूला.

तुकारामचे दिवस झाल्यावर सीता हुबळीला आली. त्याने नेलेला दोर कोराच राहिला होता, तो परत द्यायला. आत्याने तिला आत घेतलं, पाणी दिलं. सीता रडली नाही. मला वाटतं ती त्याच्या पलीकडे गेली होती. तिने दोर खाली ठेवला आणि विचारलं, "अक्का, नारायणाला ऐकू आलं. आमच्यांना का नाही आलं? रेडिओ तर एकाच दुकानातले."

आत्या उठली, देवापुढच्या तबकातून पान घेतलं, सुपारी, चुना, कात, सगळं घालून विडा बांधला, आणि कोप्पीकर रोडच्या दिशेने चालायला लागली. मी आणि सीता मागे. भर दुपारी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. आत्याने विडा जयतीर्थासमोर काचेवर ठेवला.

"तुझा परत घे," ती म्हणाली. ओरडली नाही. त्या दिवशी तिचा आवाज पहिल्यांदा इतका खाली गेलेला मी ऐकला. "ही तुकारामची बायको. हिला धारवाड लावून दाखव."

जयतीर्थाने सीतेकडे बघितलं आणि मान खाली घातली. शेवटी म्हणाला, "बाजारात जे खपतं ते मी विकतो. गिऱ्हाइकानं मागितलं, मी दिलं." एवढंच! सीता बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिली.

अण्णांनी दुकान दोन दिवस बंद ठेवलं, लाजेने. विडा परत करणारी माणसं आमच्या घराण्यात कधी झाली नव्हती. काही व्यापाऱ्यांनी आमच्याशी उधारीचा व्यवहार तोडला, त्यावरून अण्णा आत्याशी वर्षभर धड बोलले नाहीत. नारायण पुन्हा समुद्रावर गेला नाही. दुकानात बसला, तो बसलाच. राखी रेडिओ आत्याने सीतेच्या दिराला दिला, कारण तो अजून नावेवर जात होता. तार कशी चढवायची हे तिने त्याला स्वतः दाखवलं.

आणि मग सुरू झालं ते, ज्याला तुम्ही लोक तापटपणा म्हणता. आठवड्याच्या बाजाराला कारवार, अंकोल्याकडची माणसं हुबळीला यायची. त्या दिवशी आत्या सकाळचं काम आटोपून जयतीर्थाच्या दुकानाच्या पायरीशी जाऊन उभी राहायची. कुणी रेडिओ बघायला लागलं की आत शिरायची. "धारवाड नको, गोवा लाव," म्हणायची. लागलं की म्हणायची, "आता फिरव." गिऱ्हाईक चक्रावून रेडिओ हातात धरून स्वतःभोवती फिरायचं, आवाज जायचा, आणि आत्या म्हणायची, "नावेवर नेणार असशील तर हा नेऊ नकोस." जयतीर्थाने पोलिसांना सांगून बघितलं. हवालदाराने येऊन विचारलं, बाई काय करते? रेडिओ फिरवायला सांगते. हा कुठला गुन्हा, तो म्हणाला, आणि चहा पिऊन गेला. जयतीर्थाने दाराशी नोकर उभा केला. आत्या रस्त्यावरून ओरडायची. वेडी म्हटलं, अवदसा म्हटलं. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत दोन ठिकाणी विचारणा झाली, ती रेडिओवाली तुमच्या घरातलीच ना? हो म्हणाले मी, माझी आत्या आहे. दोन्ही ठिकाणं मोडली, बरं झालं. लाल रेडिओ दुकानातून जाईपर्यंत, आणि गेल्यावरही कितीतरी वर्षं, आत्या जात राहिली. गुडघे धरले तेव्हा थांबली.

आता जयतीर्थ नाही, आत्याही गेली. त्याचा मुलगा देशपांडे नगरात मोठ्या घरात राहतो आणि आमच्या पानावर जेवताना तिला तापट म्हणतो.

शेवटच्या वर्षात मी रोज तिच्यापाशी बसायचे. एकदा तिचे पाय चेपताना गमतीनं म्हणाले, "आत्या, गावात अजून तुझ्या तापटपणाच्या गोष्टी सांगतात हं." मला वाटलं हसेल. तिने पाय ओढून घेतला.

"तापट? मी?" ती म्हणाली. "उणकलच्या तळ्यात ते सगळे लाल डबे आपल्या मांडीवर होते, सुलभा. चहूकडे पाणी होतं. तापट असते तर तिथंच बुडवले असते. मी पदराने पुसून परत दिले."